म्हाताऱ्या मोतीचा जवळून फोटो: डोळा शार्प येतो तर नाक जातं, नाक सांभाळलं तर उजेड जातो

कुळागर

नमस्कार मंडळी. छायाचित्रण विभागात पहिल्यांदाच धागा काढतोय.

आमचा मोती आता १३ वर्षांचा झाला. गावठी, काळा कुळकुळीत, पण मुस्कट आणि भुवया पार पांढऱ्या झाल्यात. धाकट्या भावाने त्याला पिल्लू असताना शर्टात गुंडाळून घरी आणलं होतं. भाऊ आता परदेशात असतो, चवथीला येणार आहे. त्याला मोतीचा एक मोठा प्रिंट द्यायचाय. अंगणात पळणाऱ्या मोतीचे फोटो ढीगभर आहेत. मला हवाय तो चेहरा, अगदी जवळून. हनुवटीवरचे पांढरे केस, नाकावरचा मांजराने ओरबाडल्याचा जुना व्रण आणि ते डोळे, सगळं दिसलं पाहिजे.

सामान: कॅनन २००डी, सोबत आलेली १८-५५ लेन्स आणि ५० एमएम एफ १.८ लेन्स. घर गोव्यात सावईवेऱ्यात, जुनं, नळ्यांचं (कौलारू). पुढे बल्कांव (कठड्याचा उघडा व्हरांडा), आत लाल कोब्याची जमीन, भोवती पोफळी. म्हणजे भर दुपारीही घरात सावलीच, आणि आता तर पावसाळा.

आतापर्यंत काय झालं ते सांगतो. एफ १.८ वर (लेन्सचं छिद्र पूर्ण उघडं ठेवून) जवळ जाऊन काढला तर एका डोळ्याच्या पापण्या मोजता येतात, पण नाक धुक्यात आणि दुसरा डोळाही धुक्यात. एफ ८ केलं (छिद्र बारीक केलं) तर शटर १/३० सेकंदावर आलं, मोतीने श्वास घेतला तरी फोटो हलतो. शेवटी कॅमेऱ्यावरचा फ्लॅश उघडला. डोळे हिरवे चमकले, ओल्या नाकावर पांढरा ठिपका आला, आणि मोती उठून माजघरात गेला तो संध्याकाळपर्यंत कॅमेऱ्यासमोर आलाच नाही. ते मला फार लागलं.

लेन्स बदलायची की लाइट घ्यायचा? मॅक्रो लेन्स (अगदी जवळच्या फोटोंसाठीची) घ्या असं एका दुकानात सांगितलं.

दिवजां

मॅक्रो लेन्स घेऊ नका. या अडचणीवर तिचा काही उपयोग नाही. त्याच अंतरावरून, तेवढाच चेहरा फ्रेममध्ये घेतला तर मॅक्रोसुद्धा तेवढीच डेप्थ (पुढे-मागे जितकी खोली शार्प येते ती) देते. (मी मडगावला दागिन्यांचे फोटो काढते, रोज याच मिलिमीटरांशी झगडा असतो.)

तुमच्याच लेन्सचे आकडे देते, म्हणजे चित्र डोळ्यांसमोर येईल. तुमची ५० एमएम सेन्सरपासून ३५ सेंमीपर्यंत जवळ फोकस करते. त्या अंतरावर फ्रेमची रुंदी साधारण साडेदहा सेंमी असते. तिथे एफ १.८ वर डेप्थ ऑफ फील्ड जेमतेम २ मिलिमीटर मिळते. पापणीची जाडी सोडली तर काहीच नाही. एफ ८ केलं तरी ८ मिमी.

आता ६० सेंमीवर या. फ्रेम २२ सेंमी रुंद, म्हणजे मोतीचं अख्खं तोंड मावेल. एफ १.८ वर ७-८ मिमी, एफ ८ वर साधारण ३३ मिमी.

मोतीच्या डोळ्यापासून नाकाच्या टोकापर्यंत अंतर किती आहे ते पट्टीने मोजा आणि इथे सांगा. बाकीचं त्यावर ठरेल.

आणि हिशोबाची दुसरी बाजू: १.८ वरून ८ वर गेलात की लेन्समधून येणारा उजेड सुमारे २० पटीने कमी होतो. हे वीस पट कुठूनतरी भरून काढावे लागतात. आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता), शटर किंवा बाहेरचा उजेड. चौथा मार्ग नाही.

कुळागर

मोजलं. ९ सेंमी. पट्टी बघून त्याला वाटलं काहीतरी खायला आलंय.

म्हणजे ६० सेंमीवर एफ ८ असूनही ३३ मिमी, आणि मला ९० हवेत. एफ २२ करू का?

दिवजां

नको. तुमच्या सेन्सरवर एफ ११ च्या पुढे गेलात की डिफ्रॅक्शनमुळे (बारीक छिद्रातून जाताना उजेड पसरतो त्यामुळे) सगळाच फोटो हळूहळू मऊ व्हायला लागतो. नाक येईल पण पापण्यांची धार जाईल. शिवाय एफ ८ च्या तुलनेत उजेड आणखी साडेसात पट कमी. एफ ८ ही तुमची हद्द समजा, फार तर ११.

मांडवीकाठ

दिवजांताईंचे आकडे बरोबर आहेत. पण ९ सेंमीची डेप्थ मिळवायचा हट्ट सोडा. त्याऐवजी ९ सेंमीच कमी करा.

कुत्रा समोरून थेट बघतो तेव्हा नाक तुमच्याकडे आणि कान पलीकडे असं तोंड खोलात जातं. तेच तोंड थोडं वळलं, म्हणजे तुम्ही त्याच्या खांद्याच्या दिशेला सरकलात, की नाक आणि जवळचा डोळा यांच्या कॅमेऱ्यापासूनच्या अंतरातला फरक कमी होतो. पूर्ण बाजूने घेतलं तर नाक, डोळा, कानाचं मूळ एकाच पातळीत. पाऊण चेहरा दिसेल इतक्या वळलेल्या तोंडात तुमचे ९ सेंमी साधारण साडेसहावर येतात. कुत्र्याला हलवायची गरज नाही, तुम्ही गुडघ्यांवर सरका.

दुसरं, मागे सरका. ६० सेंमीवरून ११० वर जा आणि नंतर क्रॉप करा. मागे गेल्यावर डेप्थ चौपट होते. क्रॉप करून फोटो मोठा केल्यावर त्यातली निम्मी हातात उरते. म्हणजे निव्वळ दुप्पट फायदा. एफ ८ वर ३३ चे ६४ मिमी झाले की नाही? आणि वळलेल्या तोंडाला लागतात साडेसहा सेंमी. २४ मेगापिक्सेलमधून निम्मी रुंदी घेतलीत तरी ३००० बाय २००० उरतात, १२ बाय ८ इंची प्रिंट व्यवस्थित निघते.

मी गेली तीसेक वर्षं फोटो काढतोय आणि लोकांना कुठलाही छोटा जीव टिपायचा म्हटलं की ते आणखी जवळ जातात. जवळ जाण्याने डेप्थ तर जातेच, पण उजेडही जातो. तुमचा तो पहिला डोळा शार्प आलेला फोटो इथे टाका, दाखवतो.

कुळागर

टाकलाय. (वर धाग्यात जोडला आहे.)

मांडवीकाठ

आता डोळ्याचा भाग पूर्ण मोठा करून बघा. बुबुळात काय दिसतंय? मधोमध एक काळा गोल, त्याच्या दोन्ही बाजूंना बल्कांवाच्या कठड्याची पांढरी रेघ. तो काळा गोल म्हणजे तुमचं डोकं आणि कॅमेरा. ३५ सेंमीवर तुम्ही स्वतःच त्याच्यासमोरचा उजेड अडवून बसला आहात.

प्राण्याचा डोळा हा आरसा आहे. प्रत्येक फोटोनंतर तो मोठा करून बघायचा. त्यात चौकोनी किंवा कमानीसारखी उजळ जागा दिसली पाहिजे, आणि ती बुबुळाच्या वरच्या अर्ध्यात असली पाहिजे. खाली दिसली तर उजेड जमिनीवरून येतोय आणि तोंड विचित्र दिसणार. काळ्या कुत्र्याच्या डोळ्यात चमक नसेल तर डोळा कुठे संपतो आणि केस कुठे सुरू होतात तेच कळत नाही.

रापणकार

मध्येच विचारतो, माफ करा. माझ्याकडे फोनच आहे. मांजर पांढरी आहे. पोर्ट्रेट मोडमध्ये तिच्या मिशाच नाहीशा होतात! मॅक्रो चालू केला तर फोनची सावली तिच्या तोंडावर पडते.

दिवजां

रापणकार, पोर्ट्रेट मोड बंद करा. तिथे मागचं धूसर होणं लेन्सने होत नाही, फोन हिशोब करून कातरतो, आणि मिशीसारखी बारीक रेघ त्या कातरीत जाते. फोनचा सेन्सर इतका छोटा असतो की डेप्थ मुळातच भरपूर मिळते. तुमची अडचण नेमकी कुळागरांच्या उलटी आहे. मॅक्रोऐवजी २एक्स किंवा ३एक्सची लेन्स घ्या, हातभर मागे बसा, आणि मांजराच्या मागे भिंत लगेच नको, चार-पाच हात लांब असू दे. पांढऱ्या मांजरासाठी एक्सपोजर थोडं वर सरकवा, नाहीतर फोन तिला राखाडी करून टाकतो.

अबोली

मी पशुवैद्यक आहे, म्हापशाला असते. फोटोतलं फारसं कळत नाही पण कुळागर यांनी फ्लॅशचं लिहिलंय त्यावर बोलते.

कुत्र्या-मांजरांच्या डोळ्यात पडद्यामागे एक परावर्तक थर असतो, टॅपेटम. अंधारात थोडा उजेड दुसऱ्यांदा वापरता यावा म्हणून. लेन्सला खेटून असलेला फ्लॅश सरळ आत जातो आणि सरळ परत येतो, म्हणून ती हिरवी-पिवळी चमक. निळ्या डोळ्यांच्या मांजरांत ती बऱ्याचदा लाल दिसते. उजेड बाजूने आला तर हा प्रश्न राहत नाही.

१३ वर्षांच्या कुत्र्याच्या डोळ्यात निळसर धुरकट छटा दिसते, ती बहुतेक वेळा वयाने भिंग घट्ट झाल्याची असते. मोतीबिंदू वेगळा. एकदा तुमच्या डॉक्टरांकडून बघून घ्या. पण कुठलंही असो, अंधाऱ्या खोलीत समोरून एकदम लख्ख उजेड म्हाताऱ्या जनावराला नको.

आणि कॅमेरा समोर असताना हे बघत राहा: झोप आलेली नसताना जांभई, ओठ चाटणं, तोंड वळवणं, डोळ्याचा पांढरा भाग चंद्रकोरीसारखा दिसणं. यातलं काही दिसलं की कॅमेरा खाली ठेवा. लेन्सची ती मोठी काळी काच त्यांना रोखून बघणाऱ्या डोळ्यासारखी वाटू शकते. दोन दिवस कॅमेरा नुसता बल्कांवात ठेवून द्या, त्याच्या शेजारी खाऊ द्या. फोटो काढूच नका.

पाटवाट

फ्लॅश वर छताकडे वळवा. बाउन्स. सगळ्यात सोपं.

कुळागर

पाटवाटभाऊ, आमच्याकडे वर छत नाहीच, नळे आणि काळे पडलेले वासे. उजेड वर जाऊन तिथेच राहतो. भिंतीवर मारून बघितला, भिंत निळी आहे, मोतीचं पांढरं मुस्कट निळं झालं.

अबोलीताई, तुमचं वाचून दोन दिवस कॅमेरा हातात घेतला नाही. काल तो स्वतः येऊन लेन्सच्या झाकणाचा वास घेऊन गेला.

एलईडी बल्बखाली एक प्रयत्न केला. १२ वॅटचे दोन बल्ब, शटर १/२५०. फोटोत आडवे काळे पट्टे आलेत. कॅमेरा बिघडला का?

दिवजां

कॅमेरा ठीक आहे. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे स्वस्त एलईडी सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतो. १/२५० वर त्या लहरीचा एक तुकडाच सापडतो. १/१०० किंवा १/५० ठेवलं तर पट्टे जातात, पण मग कुत्र्याची हालचाल पकडत नाही. घरातल्या बल्बवर जवळचे फोटो काढण्यात हीच गोची आहे. तो नाद सोडा, आकाशाचा उजेड वापरा.

मांडवीकाठ

तेच लिहायला आलो होतो. पावसाळ्याबद्दल तुम्ही तक्रार केलीत, पण गोव्यात जनावरांच्या चेहऱ्यासाठी याहून चांगला उजेड वर्षभरात नसतो. एप्रिलचं ऊन काळ्या केसांवर पांढरे डाग पाडतं आणि डोळ्यांच्या खाचा काळ्या करतं. आत्ता सगळं आभाळच पांढरी छत्री झालंय. फक्त त्याच्या जवळ जायचं.

मोती बल्कांवात नेमका कुठे बसतो? सोप्यावर आत बसत असेल तर त्याला कठड्याच्या आतल्या कडेला आणा. दोन हातांचा फरक, पण आयएसओ ६४०० वरून १६०० वर येतो. आकाश त्याच्या एका बाजूला राहू दे, तोंडावर आडवा उजेड येईल. काळ्या केसांचा पोत आडव्या उजेडातच दिसतो, समोरच्या उजेडात तो नुसता काळा गोळा होतो.

सावलीच्या बाजूला थर्माकोलचा पांढरा तुकडा लावा, तोंडापासून हातभर अंतरावर. लाल कोब्यावर पांढरा पंचा अंथरा, नाहीतर हनुवटीखालचे पांढरे केस तांबूस येतात. ते नंतर कॉम्प्युटरवर काढणं फार कटकटीचं.

आणखी एक. रापणकारांसाठीही. कुणाच्या जुन्या घरात शिंपल्यांच्या खिडक्या अजून शाबूत असतील तर त्यांच्याशेजारी मांजर बसवून बघा. त्या पातळ शिंपल्यांतून येणारा उजेड गाळून आल्यासारखा असतो, किंचित दुधाळ. काचेपेक्षा कमी, पण बाजारात मिळणाऱ्या कुठल्याही सॉफ्टबॉक्सने मला तसा उजेड दिलेला नाही. त्या खिडक्या दरवर्षी कमी होतायत म्हणून मुद्दाम सांगतोय.

दिवजां

काका, एका मुद्द्यावर माझं वेगळं मत आहे. तुम्ही सगळं एफ ८ वर नेताय. माझ्या मते नाक किंचित मऊ राहिलं तर चालेल, ५.६ ठेवून आयएसओ ८०० वर यावं. काळ्या केसांत नॉईज (जास्त आयएसओमुळे येणारे दाणे) पटकन दिसतो.

मांडवीकाठ

एरवी मीही ५.६ म्हटलं असतं. पण त्यांना नाकावरचा व्रण हवाय. तो गेला तर त्यांच्या दृष्टीने फोटो गेला. नॉईज १२ इंची प्रिंटवर कागदात विरून जातो, आउट ऑफ फोकस व्रण कशानेही परत येत नाही.

दिवजां

मान्य. व्रण विसरले होते.

मग फोकस कुठे ठेवायचा तेही सांगते. लोक म्हणतात डेप्थ एक तृतीयांश पुढे, दोन तृतीयांश मागे. इतक्या जवळून तसं नसतं, जवळजवळ निम्मी-निम्मी असते. डोळ्याच्या मध्यावर फोकस ठेवला तर मागची निम्मी डेप्थ कानाच्या केसांवर जाते आणि पुढची नाकापर्यंत पुरत नाही. जवळचा डोळा आणि नाकाचं टोक यांच्या मधोमध एक फोकस पॉइंट ठेवा. मधल्या पॉइंटने फोकस करून मग फ्रेम हलवू नका, हलवण्यातच फोकस सरकतो. पॉइंटच तिकडे सरकवा. आणि एकाच्या जागी पाच-सहा सलग काढा, श्वासाबरोबर डोकं पुढेमागे होतं, त्यातला एखादा बरोबर पडतो.

एक्सपोजर उणे दोन तृतीयांश स्टॉप, म्हणजे थोडं गडद. कॅमेरा काळ्या कुत्र्याला करडा करायला जातो आणि त्या नादात पांढरं मुस्कट जळतं. रॉमध्ये (कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलमध्ये) काढा.

पाटवाट

एक आठवण करतो. एसीच्या खोलीतून कॅमेरा थेट बल्कांवात काढला तर काचेवर दव धरतं, अर्धा तास तसाच जातो. आणि काम झालं की सिलिका जेलच्या डब्यात. माझ्या एका लेन्समध्ये दोन पावसाळ्यांत बुरशीची जाळी पडली होती, त्यामुळे सगळे फोटो धुवट यायचे आणि मी उजेडाला दोष देत राहिलो.

रापणकार

कळवायला आलो. शेजारच्या आजींच्या घरी शिंपल्यांची एक खिडकी आहे. मांजर तिथे नेली. पांढरा तुकडा म्हणून मासळीच्या पेटीचं थर्माकोलचं झाकण धुऊन घेतलं. धुतलं तरी वास राहतोच, ती झाकणाला नाक लावूनच बसली. पण त्यामुळे हवा तसा बाजूने चेहरा मिळाला! फोन हातभर लांब, २एक्स. मिशा सगळ्या आहेत, आणि त्या उजेडात बाहुली बारीक उभी चीर झाल्यामुळे डोळ्यांचा पिवळा रंग पहिल्यांदा नीट दिसला. घरात रात्री काढले की नुसते काळे गोल यायचे.

कुळागर

मंडळी, झालं. सविस्तर लिहितो.

चार दिवस रोज दुपारी चार ते साडेपाच बल्कांवात बसलो. पंचा अंथरला, थर्माकोल खुर्चीला टेकवला. मोती पंच्यावर येऊन झोपायचा. झोपलेला चेहरा शार्प यायचा, पण डोळे मिटलेले. हाक मारली तर थेट माझ्याकडे बघायचा, म्हणजे पुन्हा तेच, नाक पुढे आणि सगळं खोलात.

तिसऱ्या दिवशी लक्षात आलं की पाचच्या सुमाराला पोदेर (पाववाला) येतो. त्याच्या सायकलचा भोंगा वळणावर वाजला की मोती उठत नाही, पण मान वर करून रस्त्याकडे बघतो. गेली तेरा वर्षं एक पाव त्याचा असतो. रस्ता कठड्याच्या उजवीकडे. म्हणजे मी समोर बसलो तर त्याचं तोंड आपोआप पाऊण वळणार, आणि आकाशही त्याच बाजूला.

काल ११० सेंमीवर दोरीची खूण करून बसलो. एफ ८, १/१२५, आयएसओ १६००, उणे दोन तृतीयांश, पॉइंट डोळा आणि नाकाच्या मधोमध. भोंगा वाजला. मान वर, कान उभे, डावा कान नेहमीसारखा अर्धा मुडपलेला. नऊ फोटो निघाले. पाचव्यात सगळं आहे.

काकांनी सांगितल्याप्रमाणे आधी डोळा मोठा करून बघितला. वरच्या अर्ध्यात बल्कांवाचा उजळ चौकोन, त्यात कठड्याच्या खांबाची एक काळी रेघ. माझं डोकं नाही. व्रणाच्या कडेला केस उगवत नाहीत ती बारीकशी टक्कलाची रेघही आलीय. पलीकडचा डोळा मऊ आहे, पलीकडचा कान तर पारच गेलाय. सुरुवातीला मला दोन्ही डोळे हवे होते. आता तो कान तसाच राहू देतो, बोट ठेवून दाखवण्यासारखं सगळं अलीकडच्या बाजूला आहे.

अबोलीताई, डॉक्टरांना डोळे दाखवले. वयाचंच आहे म्हणाले, दिसतं त्याला बऱ्यापैकी.

मांडवीकाठ

पाचवा फार सुंदर आहे. प्रिंट मॅट कागदावर करा. चकचकीत कागदावर काळा कुत्रा टांगला की त्यात खोलीतला दिवा दिसतो. आणि स्क्रीनवर दिसतो त्यापेक्षा थोडा उजळ करून पाठवा, कागद स्क्रीनसारखा आतून पेटलेला नसतो. आधी पोस्टकार्डाएवढा नमुना काढून घ्या, दिवसा खिडकीशी धरून बघा, मग मोठा.

कुळागर

नमुना काढला. पहिला गडद आला, मानेचे केस एकमेकांत मिसळले. उजळपणा अर्धा स्टॉप वाढवून दुसरा काढला, तो बरोबर आलाय. मोठा शुक्रवारी मिळेल. माटोळी (गणपतीवर बांधायची फळाफुलांची मांडणी) बांधायच्या दिवशी भाऊ पोचतोय, तोवर फोटो कपाटात चादरींखाली.

दिवजांताई, उरलेल्या आठ फोटोंपैकी दुसऱ्यात पोदेराची सायकल मागे धूसर दिसते. तो पोदेराला देऊ म्हणतोय. त्यासाठी क्रॉप कमी ठेवला तर चालेल ना?

दिवजां

चालेल, क्रॉप करूच नका. सायकल ओळखू येऊ दे. पूर्ण फ्रेम द्या.